सीताराम घाडीचं 'नको'

लालबागच्या चाळीत राहणारा सीताराम घाडी गिरणीत कापड विणायचा आणि गिरणीबाहेर लोकांचा आनंद उसवायचा. गिरगावात एकदा पंख्याखाली फुकट बसायला मिळतं म्हणून तो एका व्याख्यानाला गेला आणि कुण्या जर्मन तत्त्ववेत्त्याला डोक्यात घेऊन परतला. हवं ते मिळालं नाही तर माणूस तळमळतो, मिळालं तर कंटाळतो. म्हणून काही मागूच नये. एवढं हाती लागल्यावर त्याने शेजाऱ्याचं बारसंही सुखाने होऊ दिलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी खाऊन खांदा सुजवून आलेल्या, चाळीतल्याच लवूला तो जेवताना म्हणाला, "मुंबई मिळाली तर काय करशील? चार दिवसांत कंटाळशील."

"आधी मिळू दे रे. मग कंटाळतंय निवांत," लवू म्हणाला आणि आणखी भात मागितला.

दोघे जेवायचे रमाबाईच्या खाणावळीत. रमाबाई विधवा, हाताला चव आणि जिभेला धार. सीताराम ताटावर हात आडवा धरून "नको" म्हणायचा. ती "घेवा वो, लाजतास कित्याक?" म्हणत हाताखालून बांगड्याची तुकडी सरकवायची. त्याचं सगळं वैराग्य तिच्या आग्रहावर पोसलेलं होतं. तिच्यावर त्याचा जीव जडला होता, अगदी वाईट जडला होता. पण मागायचं कोणत्या तोंडाने?

तिच्या भावाने दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, तेव्हा शेवटी तिनेच विषय काढला. पंगत उठली होती, ती ताटं गोळा करत होती.

"घाडीनू, माझ्याशी पाट लावशात काय? सरळ सांगा."

सीतारामच्या तोंडातून सवयीने निघालं, "नको." आणि तो वाट बघत बसला. एका 'नको'वर वाढणारं कोणी पुढे जातं का? ती पुन्हा विचारील, मग मान खाली घालून, नाइलाज दाखवून होकार द्यायचा, असा त्याचा बेत.

पण भात आणि नवरा यांत रमाबाई फरक करायची. "बरा झाला, स्पष्ट सांगितलास," ती म्हणाली आणि ताटं घासायला बसली.

शिमगा सरल्यावर तिने लवूशी पाट लावला. दोघांनी शीवला खोली घेतली. सीताराम सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊ लागला, भेटायला म्हणून. खरं तर ती दोघं कधी कंटाळतात ते बघायला. दोघं भांडायची, तीही कडाकडा. सीताराम खुशीत चहाचा घोट घ्यायचा, तेवढ्यात लवू काहीतरी पुटपुटायचा आणि रमाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटायची.

पुढे राज्य झालं, मुंबईही मिळाली. लवू पेढे घेऊन आला. "काय, कंटाळा आला की नाही?" सीतारामने घाईने विचारलं. लवूला प्रश्नच कळला नाही.

कुणाकडे काही न मागणारा सीताराम त्या दिवसापासून देवासमोर हात जोडू लागला. त्या दोघांना थोडं तरी दुःख दे, एवढंच त्याचं मागणं होतं. देवाने तेवढंही दिलं नाही.