चतुर्थीची भरती

वर्तमानपत्रात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ चुकली, तर पुण्यात ते त्याच रात्री फोनवरून कळते. "आम्ही गच्चीत ताटकळत उभे आहोत. चंद्र तुमच्या कार्यालयात येऊन बसलाय का?" असा एक फोन मी स्वतः घेतला आहे. तेव्हापासून सूर्योदय, चंद्रोदय, तिथी आणि हवामान यांची पहिल्या पानावरची छोटी चौकट तपासण्याचे काम माझ्याकडे आले. त्या चौकटीचा उपयोग मासे पकडायला होईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण सॉफ्टवेअर इंजिनीअर राहत असे. मूळचा भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या काठचा. नोकरी खराडीत. तिथे तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि रस्ते मागाहून येत होते. त्याच्या कंपनीचे ग्राहक इंग्लंडमध्ये होते, म्हणून तो दुपारी कामावर जाई. माझी पाळी संध्याकाळची. आमची भेट होई ती सकाळी, दुधाच्या पिशव्या उचलताना. मला तो दादा म्हणे आणि माझ्या बायकोला वहिनी.

दिवाळीनंतर त्याचे वडील आले. त्यांचा उजवा हात थरथरत होता, त्यासाठी पुण्यातल्या डॉक्टरांना दाखवायचे होते. डॉक्टरांनी सांगितले, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. बाबा शेतकरी होते, पण विचारल्यावर ते भाताबद्दल थोडे आणि माशांबद्दल पुष्कळ बोलत. जन्मभर वैनगंगेत गळ टाकलेला. आता गळाला आमिष लावताना हात हुकू लागला होता. पुढच्या वर्षी तेवढेही जमेल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते. आणि त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

रविवारी संध्याकाळच्या गाडीचे त्यांचे परतीचे तिकीट होते. त्याआधी बाबांच्या हाताने समुद्रातला एक मासा निघाला पाहिजे, असे मुलाने मनाशी ठरवले. बाबांना ते पटलेले नव्हते.

"खाऱ्या पान्यातला मासा लोनच्यासारखा लागत असन ना बे?" ते म्हणाले.

"बाबा, सगळं कोकण खातं."

"त्यायले नदी नसन."

तयारी सोमवारी सुरू झाली. इंजिनीअर हे काम ऑफिसातल्या कामासारखेच करत होता. मासा चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरतो, म्हणजे भरतीचे दोन-तीन तास हाती हवेत. ते तास उजेडात हवेत. पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी फार जोरात धावते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते इतके मंदावते की मासा हलत नाही. म्हणून पौर्णिमेनंतरची तिसरी-चौथी तिथी बरी. शनिवारी चतुर्थी होती. श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका खाडीच्या तोंडाशी कातळ आहे, तिथे काठावर बसून गळ टाकता येतो, हे त्याने कुठून तरी शोधून काढले होते. मला हे सगळे त्याने जिन्यातच सांगितले आणि शेवटी विचारले, "दादा, हवामान तुमच्याकडे येतं ना?"

येत होते. आणि नेमका त्याच आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. वेधशाळेचे पत्रक संध्याकाळी कार्यालयात पोचले की ते पानावर जाण्याआधी मी खराडीला फोन करून वाचून दाखवू लागलो. मंगळवारी, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. बुधवारी, पट्टा जागेवरच. फोनच्या पलीकडे कळफलकाचा आवाज थांबे. माझ्या कामात निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी जी धडधड होते, ती मला त्या आठवड्यात चार ओळींच्या पत्रकाने होत होती.

गळ आणि नायलॉनची दोरी आणायला आम्ही बाबांना घेऊन बोहरी आळीत गेलो. दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचे पुणेकर, पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ. त्यांनी आधी आमच्याकडे नीट पाहून घेतले.

"कुठे टाकणार आहात? मुठेत?"

"समुद्रावर."

"मग समुद्रावर गळ मिळत नाहीत का?"

"मिळतात, पण आपल्याकडचे चांगले असतात म्हणे."

"हे बरोबर बोललात," म्हणून त्यांनी डबा उघडला. बाबांनी एकेक गळ अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिला. हात थरथरत असल्यामुळे एक गळ खाली पडला. दुकानदारांनी तो शांतपणे उचलून पुन्हा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाले, "सावकाश बघा. आपल्याला दुपारपर्यंत बसायचंच आहे."

घरी वेगळाच मुद्दा निघाला.

"अहो, शनिवारी संकष्टी आहे," बायको म्हणाली. "संकष्टीला मासे मारायला निघालात?"

"पकडायचे शनिवारी, खायचे रविवारी."

"गणपतीला असंच सांगा. आणि आमिषाची कोळंबी माझ्या फ्रीजमध्ये येणार नाही."

कोळंबी इंजिनीअरच्या फ्रीजमध्ये गेली.

गुरुवारी संध्याकाळी पत्रक आले. कमी दाबाचा पट्टा ओमानच्या दिशेने सरकला होता आणि क्षीण झाला होता. मी ते फोनवर वाचले. "पुन्हा वाचा," तो म्हणाला. मी पुन्हा वाचले. त्यानंतर तो जे ओरडला ते माझ्या शेजारच्या टेबलावर ऐकू गेले.

त्या टेबलावर आमचे एक रत्नागिरीकडचे सहकारी बसत. कसली गडबड आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सांगितले. त्यांनी लगेच त्यांच्या गावचा आडाखा ऐकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, चाराचे पाऊणपट तीन. शनिवारी तीनला पाणी भरणार.

इंजिनीअरने मात्र इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदावर पूर्ण भरती सकाळी साडेनऊला होती. मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, "दादा, तो हिशेब रत्नागिरीचा असेल. हे तर मिनिटापर्यंत आहे." दोन सूत्रांत तफावत असेल तर बातमी थांबवायची, असा आमच्याकडे नियम आहे. सहल थांबली नाही. साडेनऊ सगळ्यांच्याच सोयीचे होते. सात ते साडेनऊ मासे पकडायचे, दहाला निघायचे आणि चारला इंजिनीअरने खराडीत हजर व्हायचे. त्या संध्याकाळी ग्राहकाची नवी यंत्रणा सुरू व्हायची होती. तिच्यावर त्या वेळी काम करणाऱ्यांतूनच एकाला इंग्लंडला पाठवणार होते, आणि त्यासाठी तो वर्षभर थांबला होता.

शुक्रवारी दोघांनीही रजा टाकली आणि दुपारी त्याच्या लहान गाडीतून आम्ही तिघे ताम्हिणीमार्गे निघालो. सूर्य मावळायच्या बेताला किनाऱ्यावर पोचलो. बाबा गाडीतून उतरले आणि कपाळावर हात धरून समोर पाहू लागले. मग त्यांनी विचारले, "दुसरा काठ कुठी हाय?"

"नाही बाबा. म्हणजे आहे, पण दिसत नाही."

ते पुढे गेले, वाकून बोट बुडवले आणि जिभेला लावले. "खरंच खारट हाय," ते म्हणाले. इतके दिवस त्यांना ही लोकांनी उठवलेली वार्ता वाटत असावी.

शनिवारी सातला आम्ही खाडीच्या तोंडाशी कातळावर होतो. हवा स्वच्छ, लाटा लहान, पश्चिमेला समुद्रावर चतुर्थीचा फिकट चंद्र. मुलाने कोळंबी लावली, बाबांनी डाव्या हाताने दोरी भिरकावली. नेम उत्तम होता. आम्ही वाट पाहू लागलो. इंजिनीअर दर थोड्या वेळाने कागद काढून पाही.

आमिषाचा डबा आम्ही पाण्याला लागून असलेल्या खडकावर ठेवला होता. काही वेळाने तो खडक कोरडा झाला. आणखी काही वेळाने त्याच्या पुढचाही.

"पानी येऊन रायलं म्हनता," बाबा म्हणाले, "तं हे जाऊन काहून रायलं?"

"बाबा, साडेनऊला पूर्ण भरती आहे. कागदावर आहे."

"मंग कागद पान्याले दाखव ना."

साडेआठपर्यंत समोर चिखल आणि शेवाळ उघडे पडले होते. बाबांचा गळ ओल्या वाळूवर पडला होता आणि एक खेकडा कोळंबी खात होता. इंजिनीअर उभाच होता. ओठ हलत होते. मग तो मोठ्याने म्हणाला, "तीन वजा साडेनऊ. म्हणजे पंधरा वजा साडेनऊ. साडेपाच." आणि हातातला कागद चुरगाळला.

साडेपाच हा आकडा त्याच्या ऑफिसात सगळ्यांना झोपेतही पाठ असे. हिवाळ्यात इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागे असते. त्याचा ऑफिसातला संगणक ग्राहकाच्या, म्हणजे इंग्लंडच्या घड्याळावर लावलेला होता, आणि भरतीचे वेळापत्रक त्या संगणकाच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवत होते. कोकणातली भरती आम्ही इंग्लंडच्या वेळेने छापून आणली होती. तफावतीचे दोन्ही आकडे गुरुवारपासून आमच्यापुढे होते. वजाबाकी कोणी केली नव्हती.

पूर्ण भरती दुपारी तीनला होती. दहाला निघायचे तर बाबा समुद्राचा तळ पाहून परतणार होते.

"चाल घरी," बाबा म्हणाले. "तुले काम हाय. मासा काई पळून जात नाई."

मुलाने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. तो गुडघ्यावर ठेवला होता आणि थरथरत होता. "मी आलोच," म्हणून तो गावाकडे गेला. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. बसथांब्याजवळ एसटीडी बूथ होता. मी त्याच्यामागून गेलो. काचेतून त्याचा अर्धा संवाद ऐकू येत होता. "हो सर... नाही सर, आजारी नाही... मासे पकडायला, सर... हो, खरंच सांगतोय." मग त्याने रिसीव्हर ठेवला आणि पैसे दिले.

"काय म्हणाले?" तो बाहेर आल्यावर मी विचारले.

"म्हणाले, निदान मासा मोठा असू दे."

"आणि?"

"आणि सोमवारी केबिनमध्ये ये म्हणाले."

पाणी नऊनंतर वळले. आधी चिखलातल्या चिरांतून आले, मग खडक एकेक करून बुडवू लागले. अकराच्या सुमारास डब्याचा खडक पुन्हा ओला झाला. आम्ही तिघेही मागे सरकत होतो आणि प्रत्येक वेळी मुलगा आनंदाने ओरडत होता. कडेला लहान मासे उड्या मारू लागले. बाबा वाकून पाणी पाहत होते.

अडचण एकच होती. दोरी बोटावर धरावी लागते, मासा टोचतो तो बोटाला कळतो. उजव्या हातात सगळेच थरथरणे एकसारखे आणि डाव्याच्या बोटांना ती सवय नाही. दोनदा आमिष नुसतेच खाल्ले गेले. "मासा कवा लागला आन् माहाच हात कवा हालला, समजतच नाई," बाबा म्हणाले. हे मात्र ते हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी चप्पल काढली, कातळावर पाय पसरून बसले आणि दोरीचा वेढा उजव्या पायाच्या अंगठ्याला घेतला.

"बाबा, बोट कापेल!"

"पायाले धा बोटं हाय. पाय थरथरत नाई ना माहा!"

दोनच्या सुमारास अंगठा ताठ झाला. पुन्हा एकदा, आणि मग पायच पुढे ओढला गेला. "लागला बे, लागला!" बाबा बसल्या जागेवरून सरकू लागले. मुलाने त्यांना कमरेला धरले, मी मुलाला धरले. बाबांनी वेढा सोडवून दोरी दोन्ही हातांत घेतली. ओढताना ते हात थरथरत होते की नाही, ते त्या वेळी कोणीच पाहिले नाही. पाण्यात चांदीसारखे काही उलटले, बुडाले, पुन्हा उलटले आणि शेवटी कातळावर येऊन पडले. हातभर लांब मासा होता. तो आपटत होता आणि स्पष्ट आवाज करत होता, कर्र, कर्र.

बाबांनी कान खाली नेला. "हा तं बोलते!" ते म्हणाले. "माहा उभा जनम गेला, मासा बोललेला नाई आयकला!" ते हसू लागले आणि मुलाकडे पाहत हसतच राहिले. मुलगा एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होता. या माशाला तिकडे करकरा म्हणतात, हे आम्ही शुक्रवारी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरमालकाने नंतर सांगितले. तीनला पाणी भरले आणि थांबले.

रात्री कोथरूडला पोचलो तेव्हा बायको गच्चीत चंद्राची वाट पाहत होती. चंद्र चौकटीत छापल्या वेळी उगवला. मासा बर्फात बांधून समोरच्या फ्रीजमध्ये गेला आणि रविवारी दुपारी बाबांनी स्वतः केला, भरपूर लसूण आणि भंडाऱ्याचे तिखट घालून. लोणच्यासारखा लागला नाही, हे त्यांनी मान्य केले.

इंग्लंडला त्या हिवाळ्यात दुसरा एकजण गेला. आमचा शेजारी त्यानंतर दीड वर्षाने गेला. दरम्यान त्याने ऑफिसातल्या संगणकाशेजारी भारतीय वेळेचे एक भिंतीवरचे घड्याळ आणून लावले होते.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही बाबांना नागपूरच्या गाडीत बसवायला पुणे स्टेशनवर गेलो. सामान लावून होईपर्यंत त्यांनी समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला समुद्राची हकीकत सांगायला घेतली होती. पाणी दिवसातून दोनदा जाते आणि येते, तिथपर्यंत ते लोक मान डोलावत होते. मासा बोलतो म्हटल्यावर त्यातल्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिले.

"काका, मासा कसा बोलेल?"

"बोलते. म्या पकडला ना!"

"या हाताने?" त्यांनी हाताकडे पाहून विचारले. वाईट हेतू नव्हता.

गाडीने शिट्टी दिली. आम्ही खाली उतरलो आणि खिडकीशी आलो. बाबांनी खाली वाकून उजव्या पायातली चप्पल काढली, पाय समोरच्या बाकाच्या कडेवर ठेवला आणि अंगठ्याभोवती दोरीने उठलेला लाल वळ त्या गृहस्थांना दाखवला. गाडी हलली तेव्हा ते सगळे कुटुंब खाली वाकून तो अंगठा पाहत होते.