तिच्या नंबरची हजेरी

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मान वर करून हजेरी घ्यायची सवय नव्हती. मस्टरमध्ये डोकं घालायचं, नंबर पुकारायचा, ‘येस सर’ ऐकू आलं की खूण करायची. मांजर ओरडलं असतं तरी त्याची हजेरी लागली असती. मी जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची, नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट.

सावद्याहून आम्ही दोघी गाडीनं जायचो, मी आणि माझी मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. हजेरीतही तिच्या पाठोपाठ माझाच नंबर. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, बैठकीत चारचौघांत शब्द दिला होता : हजेरी भरली तर सून परीक्षेला बसेल. कप्पाळ! धुळ्याहून रोज जळगावला पाठवणार होते का ते तिला? शब्दही द्यायचा आणि वाटही बंद करायची, हे गोड बोलणं मला आजही सोसत नाही.

जाताना ती म्हणाली, “मला बी.ए. व्हायचंय गं. एवढं एक कर.” मग मीही हट्टाला पेटले. तिचा नंबर आला की तिच्या आवाजात ‘येस सर’, लगेच माझ्या नंबरला माझ्या आवाजात. तिचा आवाज बारीक, शेवटी जरासा वर चढणारा. मांडीवर ओढणीखाली दादाचा टेप. हजेरीपासून तास सुटेपर्यंत सगळं भरून घ्यायचे, तिला अभ्यासाला.

कोऱ्या कॅसेटी कोण देणार? घरातल्या भजनांच्याच घेतल्या, त्यांवर पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून पाठीवर ठेवलेली भोकं कागदाचे बोळे कोंबून बुजवली आणि त्यांवर सरांना भरलं. सुरुवातीचं थोडं भजन मुद्दाम ठेवायचे, सासरी कुणी बटण दाबलंच तर आधी टाळ ऐकू यावेत म्हणून. तिचा भाऊ भेटायला जाताना कॅसेटी घेऊन जायचा. तिची आजेसासू म्हणे टाळ ऐकून हात जोडायची आणि मागणीचा नियम संपेपर्यंत तशीच बसायची.

पहिली कॅसेट नीट भरली का ते बघायला दुपारी घरी लावली. आई आतून ओरडली, “आली का वं माय ती? कधी आली?” आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आली. मी एकटीच बसलेली.

“आई, तो माझा आवाज होता.”

“काहीतरीच! तिचा आवाज मला कळत नाही का?”

दुसरा कप तसाच गार झाला. मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकली. तिच्या नंबरच्या ‘येस सर’मध्ये माझा आवाज मलाही सापडेना.

पुढे पुढे ते वाढतच गेलं. वर्गातल्या मुली माझ्या शेजारची जागा सोडून बसायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. “इथं कोणी बसलंय का?” एका नवीन मुलीनं विचारलं आणि मी “हो” म्हणून बसले. घरी हाक मारली तर ‘ओ’ तिच्या आवाजात निघायची. आई घाबरली. “बंद कर हे. जित्या माणसाचा आवाज असा घेऊ नये.” घाबरले मीही होते. पण थांबले असते तर तिची परीक्षा बुडाली असती.

हजेरी भरली. हॉलतिकीट आलं, भावानं धुळ्याला पोचवलं. पहिल्या पेपरला तिचा बाक माझ्या पुढेच होता, त्यावर खडूनं तिचा नंबर. मी दाराकडे डोळे लावून बसले. घंटा झाली, पेपर वाटले गेले. सुपरवायझरनी तिचा नंबर पुकारला तेव्हा माझं तोंड उघडलंच होतं. दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. त्यांनी लाल रेघ मारली आणि ते पुढे गेले.

परीक्षा संपल्यावर तिचा भाऊ कॅसेटींची पिशवी घेऊन आला. “नाही पाठवलं त्यांनी. घरात पाहुणे आहेत म्हणे. ती म्हणाली, भजनं तुमच्या घरची आहेत, परत दे.”

तो गेल्यावर मी एक कॅसेट लावली. टाळ वाजले, मग वर्गातल्या पंख्याची घरघर, मग सरांचे नंबर. तिचा नंबर आला आणि खट् झालं. पंखा बंद पडला.

“येस सर.”

बारीक आवाज, शेवटी वर चढणारा. मागे भाकरी थापल्याचा आवाज, आणि लांबून कुणी म्हातारी विचारत होती, “कोनासंगे बोली ऱ्हायनी वं?” पुन्हा खट्. पंखा सुरू झाला आणि माझ्या नंबरला मी ‘येस सर’ म्हणाले.

दुसरी कॅसेट लावली, मग तिसरी. सगळ्यांत तेच. माझा आवाज पुसून तिथं तिनं स्वतः हजेरी दिली होती, धुळ्याच्या चुलीपाशी बसून.

आईनं आतून विचारलं, “तूच का वं ती?”

“नाही,” मी म्हटलं. “ती आलीय.”