सर्जेराव कबड्डी खेळत नव्हता

सर्जेराव गेल्याचं मला वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, काट्यावर असताना कळलं. मी तोलार, तो माथाडी, दोघंही साताऱ्याकडचे. आदल्याच रविवारी दवाखान्यात त्याने माझा हात धरून सांगितलं होतं, "मागं कुणी इचारलं तर रग्बी सांग तात्या. कबड्डी नको." मी म्हणालो, गप पड, काय होत नाही तुला...

हा माणूस चार वर्षं महाराष्ट्राकडून रग्बी खेळला. मार्केट मुंबईत होतं तेव्हा पाठीवर दोन गोणी घेऊन जिना चढताना कुठल्याशा क्लबच्या साहेबाने त्याला पाहिलं आणि मैदानावर नेलं. पुढच्या फळीत उभं राहून समोरच्यांचा सगळा रेटा मानेवर घ्यायचा, हे त्याचं काम. एका सामन्यात तीच मान दुखावली आणि साहेब लोकांचं बोलावणं थांबलं. मार्केट वाशीला आलं, तोही आला, पुन्हा गोणीखाली. इथे त्याचा खेळ कुणाला ठाऊक होता? लांबुडका बॉल म्हटलं की लोक हसायचे, "म्हंजे कबड्डीच की," म्हणायचे. तो न चिडता पहिल्यापासून समजावायला बसायचा. ऐकून ऐकून मीही कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू.

तो गेल्यावर गेटजवळच्या फळ्यावर निधनाची बातमी लिहायचं माझ्याकडेच आलं, माझं अक्षर बरं म्हणून. 'राज्याचे माजी' एवढं लिहून मी थांबलो. मुकादम म्हणाला, "कबड्डीपटू टाका तात्या, लोकांना कळायला पायजे." ...आणि मी टाकलं. माझ्यासारखा नालायक मीच. शोकसभेत आमच्या पुढाऱ्यांनी तेच वाचलं आणि त्याच्या नावाने दरवर्षी कबड्डीचे सामने जाहीर केले. मी खाली मान घालून बसलो होतो.

मागच्या आठवड्यात सामन्यांची पत्रिका द्यायला कोपरखैरण्याला त्याच्या खोलीवर गेलो. वहिनींनी संघाचा जुना फोटो मोठा करून भिंतीला लावलाय. मधोमध सर्जेराव, काखेत तो बॉल. वहिनींनी पत्रिका सावकाश वाचली, मग फोटोकडे बघत राहिल्या.

"भावजी, कबड्डीला चेंडू कुठं असतोय?" त्या म्हणाल्या. "म्हंजे हे मला बी जन्मभर खोटंच सांगत हुते?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझंच नाव छापलेलं होतं... पुढ्यातला चहा घेतला आणि निघून आलो.