चार दिवस थांबवलेली बातमी

वणीकडच्या एका खासगी खाण कंपनीने मला जनसंपर्क अधिकाऱ्याची नोकरी देऊ केली, तेव्हा यवतमाळच्या एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मला पंधरा वर्षं झाली होती. तालुक्यांच्या वार्ताहरांनी पाठवलेल्या बातम्या तपासायच्या, मथळे द्यायचे आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत जिल्ह्याचं पान नागपूरला पाठवायचं, एवढं काम. कार्यालय घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुपारी घरी जेवण, जेवल्यावर अर्धा तास आडवं होणं, रविवारी सुट्टी. कोणी ओरडत नव्हतं. बदली होईल अशी भीती नव्हती.

नव्या नोकरीत पगार जास्त होता. शिवाय क्वार्टर आणि गाडी. बोलावणं घेऊन आलेला अधिकारी स्वतःच त्या जागेवर होता. त्याला मुख्य कार्यालयात बढती मिळाली होती आणि आपल्या जागी माणूस शोधून देणं त्याच्याकडे होतं. तो पूर्वी चंद्रपूरला आमच्याच धंद्यात होता.

"पंधरा वर्षं दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारलंत सर," तो म्हणाला. "आता जरा स्वतःचं बघा."

उत्तर द्यायला त्याने दहा दिवस दिले.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती यवतमाळ सोडणार नव्हती, पण मी जावं असं तिला वाटत होतं. रोज जेवताना ती विचारायची. तिसऱ्या दिवशी वैतागून म्हणाली, "तुम्ही लोकांच्या नोकऱ्या गेल्याच्या बातम्या आरामात लावता. सोताची सोडाची म्हटलं तर भात थंडा होऊन राह्यला तुमचा."

चौथा दिवस सोमवार होता. श्रावण चालू होता. दुपारी चारला वणी तालुक्यातल्या आमच्या वार्ताहराची बातमी आली. हा माणूस वयाने माझ्यापेक्षा मोठा, वह्यापुस्तकांचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवतो. बातमी अशी: खाणीतल्या स्फोटांमुळे जवळच्या गावातल्या सतरा घरांच्या भिंतींना तडे गेले आहेत, गावकऱ्यांनी दोनदा अर्ज दिले, पाहणीला कोणी आलं नाही. सोबत फोटो होता. साठीची एक विधवा बाई भिंतीच्या भेगेत चार बोटं घालून उभी होती. खाण तीच होती, जिथून मला बोलावणं आलं होतं.

आमच्याकडे एक शिस्त आहे. कोणावर आरोप असेल तर त्याचं म्हणणं घ्यायचं. पान जाईपर्यंत तो भेटला नाही, तर शेवटी "प्रतिक्रियेसाठी संपर्क होऊ शकला नाही" ही ओळ टाकायची आणि बातमी लावायची. ही ओळ मी किती वेळा टाकली, याची गणती नाही. अनेकदा एकच फोन करून आणि तो दोनदा वाजल्यावर ठेवून.

या वेळी मी फोन केला आणि तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

बोलावणं घेऊन आलेल्या त्याच अधिकाऱ्याने बातमी ऐकून घेतली. नाकारलं काहीच नाही. "मायनिंगवाल्यांकडून रिपोर्ट मागवतो. चार दिवस द्या," तो म्हणाला. मग हसला. "आणि ती आपली नेहमीची ओळ टाकू नका हं सर. झालाय ना संपर्क? तसंही तुम्ही इकडे आलात तर याचं उत्तर तुम्हालाच लिहायचंय."

मी बातमीवर "खुलासा येणे बाकी" असं लिहून ती थांबवली. नियमाने यात चूक काढता आली नसती. कोणी विचारलंही नाही. पण त्याचं "चार दिवसांत सांगतो" हे उत्तर बातमीत लिहून ती त्याच दिवशी लावता आली असती. दुसऱ्या कुठल्याही कंपनीबद्दल मी तेच केलं असतं. त्या दिवशी मला नोकरी हवी होती की नको, हे ठरलेलं नव्हतं. ती हातची जाऊ नये, एवढं मात्र ठरलेलं होतं.

मंगळवारी सकाळी वार्ताहराचा फोन आला.

"भाऊ, बातमी दिसली नाही पानावर."

"त्यांचं म्हणणं यायचं आहे."

"त्यायचं म्हननं कधी पासून एवढं महागलं?"

"दोन दिवस थांबा."

"मी थांबतो हो. मले काय होते? त्या बाईनं पेपर लावला दोन दिवसासाठी, फोटो येनार म्हनून. आजच्यात नव्हता तर मले इचारते, मास्तर, मी काय वाईट दिसतो का?"

त्याला तिकडे सगळे मास्तर म्हणतात. मी हसलो. तोही हसला.

बुधवारी त्याने पुन्हा फोन केला. गुरुवारी केला नाही. त्या दोन्ही दिवशी तिकडे मोठा पाऊस होता. मी अधिकाऱ्याला एकदाही आठवण केली नाही. चार दिवस म्हणजे चार दिवस, असं स्वतःला सांगत होतो. त्याच काळात मी क्वार्टरचे फोटो मागवून घेतले आणि बायकोला दाखवले. स्वयंपाकघर मोठं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास ती भिंत पडली. बाई आत झोपली होती. शेजाऱ्यांनी मातीखालून काढलं तेव्हा श्वास चालू होता. वणीला पोचेपर्यंत थांबला. हे मला वार्ताहराने फोनवर सांगितलं, तेही बातमी सांगतात तसं: नाव, वय, वेळ, ठिकाण, मागे कोण. शेवटी म्हणाला, "फोटो तुमच्यापाशी हाये. पाठवाची गरज नाही."

बातमी मी लिहिली. फोटोतून चेहरा तेवढा कापून घेतला. बोटं आणि भेग बाहेर राहिली. भिंत पावसाने पडली असं महसूलचं म्हणणं होतं, स्फोटांनी खिळखिळी झाली होती असं गावाचं. दोन्ही छापली. खरं कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. बातमी मंगळवारी आली असती तर पाहणी झाली असती आणि बाईला तिथून हलवलं असतं, असंही खात्रीने म्हणता येत नाही. आमच्या बऱ्याच बातम्यांनी काहीच होत नाही. पण हे ताडून पाहण्याची सोय मी ठेवली नव्हती.

शनिवारी सकाळी अधिकाऱ्याचा फोन आला. खुलासा त्याने पाठवलाच नव्हता. "सर, दहा दिवस विसरा. सोमवारी जॉईन व्हा. आत्ताच माणसाची गरज आहे."

मी नाही म्हणालो. कारण विचारलं तेव्हा घरची अडचण सांगितली. खरं कारण इतकंच होतं की त्या गावातून मोर्चा निघाला, तर फाटकाबाहेर वार्ताहर उभा असणार होता आणि आत मी.

बायको दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "घरची अडचण म्हनजे मीच ना?"

नकाराची गोष्ट अधिकाऱ्यानेच कोणाला तरी सांगितली असावी, कारण ती फिरत फिरत नागपूरला गेली. पुढच्या महिन्यात वार्ताहरांच्या बैठकीसाठी संपादक यवतमाळला आले. त्यांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. खाणीने एवढी मोठी नोकरी देऊ केली, तरी हा माणूस गेला नाही. बातमीशी इमान असावं तर असं. टाळ्या झाल्या. मी उठून दुरुस्ती करू शकलो असतो. दुरुस्त्या करणं हेच माझं काम आहे. मी बसून राहिलो. दुसऱ्या रांगेत वार्ताहर बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या की नाही, ते मी पाहिलं नाही.

चहाच्या वेळी मी त्याच्याकडे गेलो. मला आलेल्या बोलावण्याची बातमी त्याला त्याच सभेत कळली होती. मी काही म्हणायच्या आधी त्यानेच विचारलं, "सोमवारी मी बातमी पाठवली, तवा त्यायचं बोलावनं आलं होतं का तुमाले?"

"आलं होतं."

त्याने बशीत ओतलेला चहा पिऊन संपवला.

"मंग जायलेच पाह्यजे होतं भाऊ तुमी तिकडं," तो म्हणाला. "तिकडं गेले असते तं आमाले समजलं असतं, तुमी कोनाचे हाव. लोकायनं दोन शिव्या देल्या असत्या आन् कामाले लागले असते."

त्यात राग नव्हता. वणीच्या बसची वेळ झाली म्हणून तो निघाला. निघताना नमस्कारही केला, एरवी करतो तसाच.

त्या महिन्यापासून तो आपल्या बातम्या थेट नागपूरला पाठवतो. संपादकांनी तशी परवानगी दिली. कामाचा ताण कमी होईल, असं त्यांनी मला कळवलं. वणीकडचं काय ते मी आता इतर वाचकांसारखं सकाळी छापून आल्यावर वाचतो.