दोन मिनिटांच्या आत

माझी धाकटी बहीण दिवसा टपाल कचेरीत पत्रं लावायची आणि संध्याकाळी आठशे मीटर धावायची. पत्रं लावताना लक्ष कुठे असायचं देव जाणे. बंदराकडची पाकिटं डोंगराकडच्या खणात. साहेब ओरडले की म्हणायची, "पोचतील हो, जरा फिरून." धावताना चेहरा झोपलेल्या बाळासारखा. देशाच्या संघातून अकरा वर्षं परदेशी धावली, तीन पदकं आणली. तिला मात्र हवं होतं एकच, दोन मिनिटांच्या आत येणं. दोन मिनिटं, तीन दशांश सेकंद. त्याखाली घड्याळ उतरेना.

आठशे मीटरला पहिल्या वळणावर आपापली लेन सोडायची नसते. वळण संपतं तिथल्या रेषेपुढे गेल्यावरच आत घुसायचं. आमच्या मैदानावरची फक्कीची रेषा कधीच पुसली होती. तिला शिकवणारे सर म्हणायचे, "पाण्याच्या टाकीची सावली ओलांड आणि ये आत." रोज त्याच वेळेचा सराव, तीच सावली. अंगात भिनली होती.

चौतिसाव्या वर्षी शेवटची मोठी स्पर्धा. अंतिम फेरी, उतरतं ऊन, परक्या स्टेडियमच्या छताची सावली ट्रॅकवर आडवी. बंदूक वाजली. सावली ओलांडून बाईसाहेब अलगद आत. रेषा अजून आठ-दहा पावलं पुढे! पंचांचं निशाण वर गेलेलं मला दिसलं, तिला नाही.

मग ती जे धावली! पाय जमिनीला लागताहेत की नाही कळेना. गोंगाट जणू कुणीतरी दार लावून बाहेर ठेवला होता. पिवळ्या उजेडातून ती पाण्यातल्यासारखी सरकत तिसरी आली. माझ्या स्टॉपवॉचवर एक मिनिट, एकोणसाठ पूर्णांक चार सेकंद.

फलकावर तिच्या नावापुढे वेळ नव्हती, 'बाद' होतं. सरांनी कपाळावर हात मारला. "सावली बघितलीस ना? गाढव मीच!"

मी म्हटलं, "अर्ज करू. ऊठ."

"कशाला, ताई? आधी आत आले, तर आले." बूट काढता काढता तिने हळूच विचारलं, "किती?"

मी घड्याळ दाखवलं. बराच वेळ बघत राहिली.

"आत," म्हणाली.

"कागदावर नाही येणार, वेडे."

"नको येऊ दे."

परतीच्या विमानात ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली. पांघरुणाखाली पाय मात्र हलत होते, एका लयीत. मी तिला उठवलं नाही.