संयूनं दिलेला खो

रविवारची दुपार. आमटीभाताची सुस्ती चढलीय, पंखा कुरकुरतोय, आणि हर्षदा चटईवर कुशीला पडून स्वतःला बजावतेय की आपण झोपणार नाही, नुसतेच डोळे मिटणार. संध्याकाळच्या एसटीनं खो-खोच्या राज्य संघाच्या शिबिराला जायचंय. म्हणजे सगळे म्हणतात जायचंय. हर्षदानं अजून कशाला हात लावलेला नाही. संघातली ती जागा संयूची होती. संयोगिता, तिची जिवाभावाची मैत्रीण, श्रावणात डेंग्यूनं गेली आणि तिच्या जागी हर्षदाचं नाव आलं. अख्खी शाळा पेढे मागतेय, आणि पेढा म्हटलं की ही तिथून काढता पाय घेते.

पंख्याची कुरकुर हळूहळू शिट्टीसारखी होते. चटईखाली माती लागते.

शाळेचं मैदान. ती चौकोनात उकिडवी बसलीय, नजर समोर. मागून पावलं धावत येतात. ही पावलं तर ती हजारांत ओळखेल.

"संयू?"

"मागं बघायचं नाही. फाऊल होईल."

"होऊ दे की! मला तुझं तोंड बघायचंय."

"तोंड काय बघतीस? आहे तसंच आहे. एक पिंपल तेवढा बरा झाला."

हर्षदाला हसू फुटतं, आणि हसता हसता रडू. तोवर मैदानाचा दवाखान्याचा व्हरांडा झालेला असतो. चौकोन मात्र तसाच, फरशीवर फक्कीनं आखलेला. फिनेलचा वास. त्या दिवशी याच दाराबाहेर ती बसून राहिली होती.

"मला आत येऊ दिलं नाही गं."

"माहितीय. दाराखालून तुझ्या चपला दिसत होत्या."

हर्षदा फरशीवरची फक्की नखानं खरवडते. मग एका दमात म्हणते, "मी नाही जाणार शिबिराला. तू मेलीस म्हणून मला यश मिळालं. असलं यश घेऊन काय करू? जागा तुझी आहे."

"माझी? आणि मला उभी कुणी केली? सुवर्णाताईनं. आपली आधीची कॅप्टन. गोठ्यातलं आवरून पहाटे यायची आणि माझ्याकडून खांबाची वळणं घटवून घ्यायची. लग्न झालं, आता मैदानाकडं फिरकत पण नाही. तिच्या आधी कोण होतं, देव जाणे. गडी बाद झाला की टाळ्या एकीला मिळतात गं. पण बसल्या जागेवरून आपली आपण कुणी उठलीय का कधी? एक तूच उठायचीस, खो मिळायच्या आधी. येडी!"

"मग दे की आता खो."

पावलं थांबतात.

"देते. पण मग तुझ्या चौकोनात मी बसणार. नियमच आहे तो."

खरंच की. जी खो देते, तीच बसते.

"आणि तुला कोण उठवणार?"

व्हरांड्याच्या टोकाला आता खांब दिसतोय, त्याच्या पलीकडे उन्हातलं एसटी स्टँड.

"मी बसते गं," ती हळूच म्हणते. "दमलेय मी. तू पळ. आणि एकदा दिशा घेतली की मागं फिरायचं नसतं, लक्षात आहे ना?"

"संयू, थांब, एकदाच..."

"खो!"

पाठीत असा सणसणीत पंजा बसतो की हर्षदा उठतेच. पळते. मागं कुणीतरी अलगद खाली बसल्याचा आवाज येतो. ती रडते, पण वळत नाही.

डोळे उघडतात तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलेलं असतं. दारात आई.

"किती झोपशील गं? आणि हे काय! सकाळीच धुतलेला पांढरा टी-शर्ट, पाठीवर लाल मातीचा पंजा? कुठं लोळून आलीस?"

आई झटकायला हात पुढं करते. हर्षदा बाजूला सरकते.

"राहू दे."

मग ती सॅक ओढून त्यात बूट कोंबायला लागते. आई तिच्याकडं बघत राहते आणि काही न विचारता चपात्या बांधायला घेते. निघताना हर्षदा सॅक पाठीवर अडकवत नाही. पोटाशी धरूनच स्टँडकडं चालू लागते.