उलटा टीव्ही

टीव्हीच्या दुकानात गेले की मी आधी फरशीवर मांडी घालून बसते. कळंबच्या दुकानदारानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्याला वाटलं बाईंना चक्कर आली, आणि तो पाणी घेऊन धावला. आता तो पाणी आणत नाही, एकेक पडदा चालू करून दाखवतो. बाकीची गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. पडदा कसा आहे हे त्याच्यासमोर उभं राहून कळत नाही, हे मी एका पोरीपायी शिकले आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

तेरजवळच्या एका गावात मी तिसरीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी गावानं शाळेसाठी टीव्ही घेतला. पोरांचे हात लागायला नकोत म्हणून मुख्याध्यापकांनी तो फळ्याच्या वर, चांगला उंच बसवून घेतला आणि शाळेच्या कॉम्प्युटरला जोडला. आम्ही मोठी माणसं दाराशी उभं राहून बघत होतो. चित्र झकास दिसत होतं. पाहुणा मिळाला की उद्घाटन करू असं ठरलं, आणि मी तोवर धडे दाखवायला सुरुवात केली.

वर्गात एका पोरीला फार कमी ऐकू यायचं. ती माझे ओठ वाचायची, म्हणून कायम पहिल्या रांगेत, सतरंजीवर, फळ्याच्या पुढ्यात. धड्यातलं बोलणं पडद्यावर खाली लिहून येतं, तेव्हा सगळ्यांत जास्त फायदा हिलाच, असं मी धरून चालले होते. महिन्याभरात ती मान खाली घालून बसायला लागली. चाचणीत कागद कोरा. मुख्याध्यापक म्हणाले, हिला झेपत नाही, धाराशिवला वेगळी शाळा आहे, वसतिगृहात राहील. आठ वर्षांची पोर. त्यांनी फॉर्म भरला आणि सहीसाठी माझ्या टेबलावर ठेवला.

तिची आई रोजानं खुरपायला जाते. दुपारी ती खुरपं हातात तसंच घेऊन शाळेत आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, माझी लेक येडी न्हाय. घरी मोबाइलवर समदं वाचती ती. तुमच्याच शाळंत का वाचंना, ते तुमी बघा."

मला राग आला, कारण तिचं बोलणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी धडा लावला आणि पोरीच्या शेजारी सतरंजीवर बसले. वर पाहिलं. सगळा काळोख. माणसांची तोंडं फोटोच्या निगेटिव्हसारखी, आणि खालची अक्षरं कुठंच नाहीत. मागच्या रांगांना दिसत होतं, दाराशी उभ्या असलेल्यांना तर छानच; पुढची बाकीची पोरं नुसतं ऐकून भागवत होती. पोरगी पडद्याकडं बघतच नव्हती. मला दिसतंय का, ते ती माझ्या तोंडाकडं बघून ताडत होती. इतकी शरम मला अख्ख्या नोकरीत वाटली नव्हती.

दुकानदाराला फोन लावला. त्यानं सांगितलं, हे टीएन पॅनल, पडद्याची सगळ्यांत स्वस्त जात, खालून बघितलं की काळं पडतं. काउंटरवर बिलं करणाऱ्या एकट्या माणसाला चालतं, तो अगदी समोर बसतो. व्हीए घेतलं तर काळा रंग दाट येतो, अंधार करून पिक्चर बघायला बरं, पण बाजूनं फिकं पडतं. आयपीएस मात्र कुठूनही बघा, जवळपास सारखंच. वर्गाला तेच लागतं, पण पोरं खाली बसतात हे सरांनी त्याला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, याच पडद्याकडं वरून पाहिलं तर? तो म्हणाला, "वरनं जरा पांढरं पडतं, पन अक्षर जात न्हाय."

मला तेवढं पुरे होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी टेबलावर चढले. खिचडी करणाऱ्या मावशींनी खालून आधार दिला. चार स्क्रू काढले, पडद्याची वरची बाजू खाली बसणाऱ्या पोरांकडं यावी म्हणून टीव्ही उलटा करून टांगला आणि कॉम्प्युटरमधून चित्र सुलटं केलं. खाली बसून पाहिलं. रंग विटके होते, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

सोमवारी मुख्याध्यापक भडकले. कंपनीचं नाव उलटं दिसतंय, गाव तोंडात शेण घालेल, आत्ताच्या आत्ता सरळ करा. सगळा वर्ग बघत होता. मी म्हटलं, "सर, आधी खाली बसा."

गुडघे धरत ते बसले. शेजारी त्या पोरीनं पडद्यावरची ओळ वाचली, तिच्या जड आवाजात, सावकाश, एकही शब्द न गाळता. मग पुढची वाचली. मी टेबलावरचा फॉर्म उचलला आणि त्यांच्यादेखत फाडून केराच्या डब्यात टाकला. त्यांनी अडवलं नाही.

उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला. पाहुण्यांनी वर पाहिलं आणि हसत विचारलं, हा उलटा कुणी शहाण्यानं बसवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुख्याध्यापक पुढं झाले.

"साहेब," ते म्हणाले, "आधी खाली बसा."

पहिल्या रांगेतली ती पोरगी जराशी सरकली आणि तिनं पाहुण्यांना सतरंजीवर जागा करून दिली.